पाहण्याची विद्या

चित्रपट पाहणे सर्वांनाच आवडते. परंतु पाहणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. एक कथेत रंगून जातो आणि घरी परतताच सारे विसरतो. दुसरा तोच चित्रपट पुन्हा पाहतो आणि मनाशी विचारतो, 'हे दृश्य दुरून का दाखविले? ते येथेच का संपविले?' पहिल्यास करमणूक लाभते, दुसऱ्यास विद्या लाभते. भारतीय चित्रपटसृष्टीचा पाया अशाच एका दुसऱ्या प्रकारच्या प्रेक्षकाने घातला. ते प्रेक्षक म्हणजे धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. चित्रकला, छायाचित्रण आणि मुद्रण या कला त्यांस अवगत होत्या. १९११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला. आपल्या राम-कृष्णांची चरित्रेही पडद्यावर अशीच दिसावीत, या विचाराने त्यांच्या मनाची पकड घेतली. पण ही कला शिकविणार कोण? तिची शाळा त्या काळी देशात नव्हती. तेव्हा दादासाहेबांनी चित्रपटांनाच गुरू केले.

मिळतील ते चित्रपट ते दररोज चार-पाच तास पाहू लागले. उरलेला वेळ प्रयोगांत जाई. झोप जेमतेम मिळे. या अतिश्रमाने त्यांचे डोळे बिघडले आणि दृष्टी जाण्याची वेळ आली. ज्या डोळ्यांनी शिकावयाचे, तेच दगा देऊ लागले! सुदैवाने औषधोपचारांनी दृष्टी सुधारली आणि दादासाहेबांनी अभ्यास पुन्हा सुरू केला.

चित्रपटाचे मर्म असे आहे, की पडद्यावरील चित्र प्रत्यक्षात हलत नसते. अनेक स्थिर चित्रे एकामागून एक वेगाने डोळ्यांपुढून जातात, आणि आपणांस हालचालीचा भास होतो. दादासाहेबांनी या तत्त्वाचा मोठ्या युक्तीने उपयोग केला. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रे त्यांनी दिवसांमागून दिवस टिपली. ती सलग दाखविताच रोप पाहता पाहता वाढू लागले. हा चमत्कार पाहून धनिकांचा त्यांच्यावर विश्वास बसला.

१९१२ साली दादासाहेब लंडनला गेले. तेथे चित्रपटनिर्मितीचे काम प्रत्यक्ष पाहून, कॅमेरा व इतर साहित्य घेऊन ते परतले. पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा मूकपट मुंबईत लोकांपुढे आला.

१९१९ सालच्या 'कालियामर्दन' या मूकपटात दादासाहेबांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. त्याच्या आरंभी ती प्रथम आपल्या मूळ रूपात निरनिराळे भाव मुद्रेवर दाखविते आणि मग कृष्णरूपात प्रकटते. अभिनय म्हणजे काय, याचा तो पाठच होय. एके काळी दुसऱ्यांचे चित्रपट पाहून शिकलेल्या दादासाहेबांचे चित्रपट आज अभ्यासकांना शिकवितात.

डोळे सर्वांनाच असतात. परंतु पाहणे मात्र शिकावे लागते. उत्तम कृती एकदा आनंदासाठी पाहावी आणि पुन्हा एकदा ती कशी घडली हे जाणण्यासाठी पाहावी. शिष्य जागा असेल, तर कलाकृतीच त्याची गुरू होते.