अनुदानाआधीचा हिशेब : वर्धा जिल्ह्यातील छोट्या उद्योगांचे आधार

डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली तेव्हा त्याच्या सल्लागारांत रवींद्रनाथ टागोर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि चंद्रशेखर वेंकट रामन अशी नावे होती. प्रत्यक्ष कामाची सूत्रे मात्र जे. सी. कुमारप्पा यांच्या हाती सोपवण्यात आली, आणि कुमारप्पा हे लंडनमध्ये शिकलेले सनदी हिशेबतपासनीस होते. ग्रामोद्योग हा त्यागाचा आणि भावनेचा विषय आहे, असा जो समज पुढे रूढ झाला त्याला ही निवडच उत्तर देते. गावातला कच्चा माल गावातच पक्का झाला तर किती पैसा गावात राहतो, तो माल बाहेर गेला तर किती पैसा त्याच्याबरोबर जातो, आणि कारागिराच्या हातातले अवजार सुधारले तर त्याच्या दिवसाच्या मजुरीत काय फरक पडतो, हे प्रश्न मुळातच हिशेबाचे होते. आज वर्धा जिल्ह्यात नवा उद्योग काढू पाहणाऱ्याला कर्ज, अनुदान, प्रशिक्षण आणि तंत्रज्ञान देणारी बरीच दारे उघडी असताना हाच हिशेब सर्वांत कमी केला जातो, असे या दारांची एकेक पाहणी केल्यावर दिसून येते.

संघाला जागा मिळाली ती जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बंगल्यात आणि बागेत. 1928 मध्ये निधन पावलेल्या मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या आवाराला मगनवाडी हे नाव पडले आणि 30 डिसेंबर 1938 रोजी तेथेच महात्मा गांधींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. संग्रहालय म्हटले की जुन्यापुराण्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. हे संग्रहालय मात्र चालू अवजारांचे प्रदर्शन म्हणून उभारलेले होते, जेणेकरून बाहेरगावच्या कारागिराने ते पाहावे, समजून घ्यावे आणि आपल्या गावी तसे करून घ्यावे. मगनवाडीत झालेल्या कामांपैकी तेलघाणीचे उदाहरण विशेष बोलके आहे. पारंपरिक बैलघाणीत एका वेळी थोडेच बी मावत असे, पेंडीत बरेच तेल शिल्लक राही आणि उखळ झिजले की संपूर्ण घाणी निकामी होई. झवेरभाई पटेल यांनी या घाणीचा अभ्यास करून ‘वर्धा घाणी’ म्हणून पुढे देशभर ओळखली गेलेली सुधारित घाणी सिद्ध केली. तिच्यात एका घाण्याला अधिक बी बसे, तेलाचा उतारा वाढे आणि उखळाचा झिजणारा लाकडी भाग बदलता येई. येथे मदत म्हणून तेल्याला रोख रक्कम दिलेली नव्हती. त्याच बैलाच्या आणि त्याच दिवसाच्या श्रमात अधिक तेल निघेल अशी सोय करून दिली होती, आणि ही मदत वर्ष संपले तरी संपणारी नव्हती.

मगनवाडीतील संशोधनाची ही परंपरा स्वातंत्र्यानंतर जमनालाल बजाज केंद्रीय संशोधन संस्थेच्या रूपाने खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे आली. आयआयटी दिल्लीच्या सहकार्याने तिचा विस्तार होऊन महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, म्हणजेच रोजच्या बोलण्यातील ‘एमगिरी’, उभी राहिली आणि केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाखाली ती काम करते. खादी व वस्त्र, रासायनिक उद्योग, जैवप्रक्रिया व वनौषधी, ग्रामीण हस्तकला व अभियांत्रिकी, ऊर्जा व पायाभूत सोयी आणि व्यवस्थापन असे तिचे विभाग आहेत. साबण, मसाले, पापड-लोणची, वनौषधी, कापड किंवा मातीकाम यांपैकी कोणताही धंदा काढण्याचा विचार करणाऱ्या माणसासाठी तिचे महत्त्व दोन कारणांनी आहे. प्रत्यक्ष यंत्रावर हात बसवून देणारे अल्प मुदतीचे प्रशिक्षण हे पहिले कारण, आणि मालाची तपासणी हे दुसरे. बाटलीबंद किंवा पाकीटबंद खाद्यपदार्थ किती दिवस टिकतो, त्यात ओल किती राहिली आहे, भेसळीचा अंश आहे काय, हे प्रयोगशाळेत कळल्यावाचून पाकिटावर ‘वापरण्याची मुदत’ छापणे म्हणजे अंदाज छापणे होय. महानगरांतील उद्योजकाला ज्या सोयीसाठी मोठे शुल्क मोजावे लागते ती सोय वर्ध्यात सरकारी आवारात उभी आहे, आणि तरीही जिल्ह्यातील अनेक नवे उद्योजक तेथे न जाता थेट बँकेत जातात. दत्तपूर येथे देवेंद्रकुमार यांनी उभारलेले ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र हीच परंपरा घरबांधणी, कुंभारकाम आणि मधमाशीपालन या क्षेत्रांत चालवत आले आहे. तर मगन संग्रहालय समितीने सेंद्रिय कापूस आणि वनस्पतिजन्य रंग यांची सांगड घालून ‘मगन खादी’ला शहरी ग्राहक मिळवून दिला आहे.

पैशाच्या मदतीची व्यवस्था यापेक्षा वेगळ्या कालखंडातली आहे. 1978 पासून देशात जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली, आणि परवाने, कर्जप्रस्ताव व योजना यांसाठी उद्योजकाने राज्याच्या राजधानीकडे न धावता जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच महाव्यवस्थापकाकडे यावे, हा त्यांमागचा हेतू होता. या केंद्रातून, तसेच खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या जिल्हा कार्यालयातून, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे प्रस्ताव बँकेकडे जातात. 2008 मध्ये दोन जुन्या योजना एकत्र करून आखलेल्या या कार्यक्रमात वस्तुनिर्मितीच्या उद्योगासाठी 50 लाख रुपयांपर्यंतचा आणि सेवा उद्योगासाठी 20 लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प धरला जातो. खुल्या प्रवर्गातील अर्जदाराला शहरी भागात 15 टक्के व ग्रामीण भागात 25 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आदी विशेष प्रवर्गांना अनुक्रमे 25 व 35 टक्के अनुदान मिळते.

हे 35 टक्के गावोगावी सर्वांना पाठ असतात. ते कसे मिळतात हे मात्र फारसे कोणी समजून घेत नाही. आर्वी तालुक्यातील एखाद्या महिलेने गावात 10 लाख रुपयांचा प्रकल्प मांडला तर तिला स्वतःचे 5 टक्के, म्हणजे 50 हजार रुपये, घालावे लागतात आणि उरलेल्या साडेनऊ लाखांचे कर्ज बँक देते. साडेतीन लाखांचे अनुदान बँकेत येते खरे, पण ते तिच्या हातात न पडता तीन वर्षे तिच्या नावाच्या मुदत ठेवीत अडकून राहते; त्या रकमेइतक्या कर्जावर व्याज लागत नाही आणि उद्योग तीन वर्षे चालू असल्याची प्रत्यक्ष पडताळणी झाल्यावरच ती रक्कम कर्जखात्यात वळती होते. याचा अर्थ असा की पहिल्या हप्त्यापासून उद्योगाने स्वतःच्या विक्रीतून परतफेड करायची असते, आणि अनुदानाच्या भरवशावर ज्यांनी यंत्राची किंमत फुगवून कोटेशन आणलेले असते त्यांना फुगवलेल्या रकमेचेही हप्ते भरावे लागतात. राज्य सरकारचा 2019 पासूनचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम याच धर्तीवर चालतो. जुनी यंत्रे असलेल्या किंवा केवळ खेळते भांडवल हवे असलेल्या व्यावसायिकाला मात्र या दोन्ही योजनांपेक्षा मुद्रा कर्ज सोयीचे पडते. एप्रिल 2015 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 50 हजारांपर्यंत शिशू, 5 लाखांपर्यंत किशोर आणि 10 लाखांपर्यंत तरुण अशा पायऱ्या असून, तरुण गटातील कर्ज नीट फेडलेल्यांसाठी 2024 मध्ये 20 लाखांची आणखी एक पायरी जोडण्यात आली. यात अनुदान नाही, तारणही नाही. अनुदान नसल्यामुळे अर्जदार लागेल तेवढेच कर्ज मागतो, हा या योजनेचा एक अप्रत्यक्ष फायदाच म्हटला पाहिजे.

सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चांभार अशा 18 परंपरागत व्यवसायांसाठी 17 सप्टेंबर 2023 रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली, आणि तिच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम 20 सप्टेंबर 2024 रोजी वर्ध्यातच झाला. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15 हजार रुपये आणि 5 टक्के व्याजाने आधी एक लाख व ते फेडल्यावर दोन लाख रुपयांचे कर्ज, अशी तिची मांडणी आहे. कारागिराला अवजार, प्रशिक्षण आणि पैसा यांची जोड एकाच योजनेत देण्याचा हा प्रयत्न मगनवाडीच्या विचाराला बराच जवळचा आहे. फरक एवढाच की तेथे अवजार कारागिराच्या कामाबरहुकूम घडवले जात होते आणि येथे ते तयार संचाच्या रूपात येते.

वर्ध्यातील पतपुरवठ्याचा विचार करताना एक कडू वस्तुस्थिती टाळता येत नाही. ग्रामीण भागाला सर्वांत जवळची असलेली जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक येथे कोलमडली. रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेल्या राज्यातील नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँकांना सावरण्यासाठी पुढे केंद्र व राज्य सरकारला निधी द्यावा लागला. ज्या जिल्ह्याचा समावेश 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधील शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांत झाला होता, त्या जिल्ह्यात शेतकऱ्याला ओळखणारी बँकच अडचणीत यावी, याची झळ शेतीला लागली तशी शेतीपूरक धंद्यांनाही लागली. गावातल्या छोट्या रकमांच्या गरजेसाठी उरले ते बचत गट, आणि ती पोकळी भरून काढण्याच्या कामात वर्ध्याचे गट राज्यातील जुन्या व जाणत्या गटांत मोडतात.

महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ‘माविम’, 1975 पासून राज्यात काम करीत असून त्याची लोकसंचालित साधन केंद्रे, म्हणजे गटांच्या महिलांनीच चालवलेली तालुका पातळीवरील सेवाकेंद्रे, या जिल्ह्यातही आहेत. त्याच्या जोडीला ‘उमेद’ या नावाने ओळखले जाणारे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान आहे. दोन्हींच्या कामाचा पाया एकच : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशेब ही पंचसूत्री. या पाच गोष्टी काही महिने सांभाळलेल्या गटाला आधी फिरता निधी मिळतो आणि मग बँक कर्ज देते. बँकेचा अधिकारी गटाच्या वह्या पाहतो, प्रकल्प अहवाल नंतर पाहतो, आणि त्याचे ते बरोबरच असते. दहा-बारा महिलांनी महिन्याला ठरावीक रक्कम गोळा करून, ती आपसात फिरवून, लेखी ठेवलेली असते ती वही म्हणजे त्या गावातील सर्वांत विश्वासार्ह आर्थिक कागद होय. बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमधून, ज्यांची कल्पना 1982 मध्ये कर्नाटकातील धर्मस्थळाच्या प्रयोगातून आली, गटांच्या सदस्यांना आणि बेरोजगार तरुणांना निवासाची सोय असलेले मोफत प्रशिक्षण मिळते. हे प्रशिक्षण घेतलेल्या उमेदवाराच्या कर्जप्रस्तावाचा पाठपुरावाही संस्था करते, ही गोष्ट बहुतेक अर्जदारांना ठाऊक नसते.

हिशेब नेमका कोठे चुकतो, हे समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीवरून स्पष्ट होईल. रंग आणि कुरकुमीनचे प्रमाण यांसाठी नावाजलेल्या या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळ्याच्या तोंडाशी शेतातून निघालेली ओली हळद उकळायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, ढोलात फिरवून तिला पॉलिश करायचे आणि मग दळायची, या खटाटोपात साधारण पाच किलो ओल्या कंदांपासून एक किलो वाळलेली हळद हाती येते. समजा ओली हळद 20 रुपये किलोने धरली तर एक किलो वाळलेल्या हळदीत 100 रुपयांचा कच्चा माल आधीच गेलेला असतो. त्यावर इंधन, दळताना उडालेली भुकटी, पाकीट व लेबल, गाडीभाडे आणि दुकानदाराचा वाटा येतो. शिवाय वर्षभर विकायचा माल दोन महिन्यांत विकत घ्यावा लागत असल्यामुळे त्यात अडकलेल्या पैशाचे व्याजही येते. या सर्व रकमा गटाच्या वहीत कधी ना कधी लिहिल्या जातात. जी लिहिली जात नाही ती उकळणाऱ्या, वाळवणाऱ्या आणि पाकिटे भरणाऱ्या महिलांची मजुरी, कारण ते ‘घरचेच काम’ मानले जाते. ही मजुरी सोडून काढलेला नफा दिवाळीच्या प्रदर्शनात चांगला दिसतो, पण मागणी वाढून बाहेरचे मजूर लावण्याची वेळ आली की तो नाहीसा होतो आणि वाढू शकणारा उद्योग तेथेच थांबतो. कुमारप्पांच्या अर्थविचारात श्रमिकाची मजुरी हाच किमतीचा गाभा होता. त्या दृष्टीने पाहिल्यास अशा पाकिटावर छापलेली किंमत अपुरी आहे.

याच धंद्यासाठी 2020 पासून पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांचे अनुदान आहे, आणि अन्नप्रक्रियेतील गटाच्या सदस्याला अवजारे व खेळत्या भांडवलासाठी 40 हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलही मिळते. खाद्यपदार्थ विकण्यासाठी अन्नसुरक्षा नोंदणी लागते आणि कोणत्याही योजनेत सूक्ष्म उद्योग म्हणून गणले जाण्यासाठी उद्यम नोंदणी, जी घरबसल्या व विनाशुल्क होते. तिच्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याचे काहीच कारण नाही. 1 एप्रिल 2025 पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि 10 कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म मानला जातो, त्यामुळे जिल्ह्यातील जवळपास प्रत्येक गृहोद्योग या व्याख्येत बसतो. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जात असल्याने दूरच्या बाजारपेठेचे अंतरही कमी झाले आहे.

मानांकनाच्या बाबतीत मात्र कायद्याची एक तरतूद दुर्लक्षित राहते. वायगाव हळदीचे मानांकन त्या परिसरातील उत्पादकांचे सामूहिक असले, तरी ते चिन्ह पाकिटावर छापण्याचा हक्क ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद झालेल्या उत्पादकालाच असतो. त्यासाठी आपण ठरलेल्या क्षेत्रातच आणि ठरलेल्या पद्धतीने पीक घेतो याच्या पुराव्यासह मानांकन निबंधकांकडे अर्ज करावा लागतो, आणि ही नोंद दर 10 वर्षांनी नव्याने करावी लागते. अनुदानातून दळणयंत्र आणलेल्या पण ही नोंद न केलेल्या गटाची हळद वायगावचीच असली, तरी ते चिन्ह त्याच्या पाकिटावर छापता येत नाही, आणि बाजारात तिला साध्या हळदीचाच भाव मिळतो.