पिशवीच्या तोंडाची तपासणी : डीएनए टेस्ट नेमकं काय शोधते?

ताईंनो, ग्रामसंघाच्या बैठकीत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की बहुतेक जणी म्हणतात, "मला काही त्रासच नाही, मग कशाला तपासायचं?" त्रास नसतानाच तपासायचं, हीच तर या आजाराची गोष्ट आहे. अंगावरून घाण वास येणारं पाणी जाणं, पाळी गेल्यावर रक्त दिसणं, संबंधानंतर रक्त येणं ही लक्षणं दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असू शकतो. त्याची सुरुवात मात्र दहा-वीस वर्षं आधी एका विषाणूपासून होते. त्याचं नाव एचपीव्ही.

हा विषाणू डोळ्यांना दिसत नाही, साध्या रक्ततपासणीत सापडत नाही. मग शोधायचा कसा? जर्मनीतले डॉक्टर हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये कॅन्सरच्या गाठींत या विषाणूचे दोन प्रकार, १६ आणि १८ नंबरचे, शोधून काढले. त्यासाठी त्यांनी डीएनए प्रोब वापरले. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं.

प्रोब म्हणजे काय, ते ब्लाऊजवरून सांगते. एका बाजूला हूक, दुसऱ्या बाजूला काजं. समजा हूक चार आकारांचे आहेत आणि प्रत्येकाचं काज ठरलेलं आहे. डीएनए असाच दोन पट्ट्यांचा असतो, आणि प्रत्येक विषाणूच्या हुकांचा क्रम वेगळा. प्रयोगशाळेत औषध घालून नमुन्यातल्या डीएनएच्या दोन पट्ट्या सुट्या करतात. मग एचपीव्हीच्या क्रमाला बरोबर बसेल अशी काजांची तयार पट्टी त्यात सोडतात. हाच प्रोब. विषाणू असेल तर पट्टी जाऊन बसते, नसेल तर बसत नाही. एक हूक चुकला की ब्लाऊज कसा वरखाली होतो, तुम्हाला माहीतच आहे! बसलेली जोडी ओळखणारं रसायन नंतर घालतात, त्यातून प्रकाश निघतो आणि यंत्र तो मोजतं.

आता हे आपल्या महाराष्ट्रात घडलेलं. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर खेड्यांतल्या बायका त्यात होत्या. गावांचे चार गट केले. एका गटाला एकदाच ही डीएनए तपासणी, दुसऱ्याला पॅप तपासणी, तिसऱ्याला व्हिनेगरसारखं आम्ल लावून पाहणी. चौथ्या गटाला फक्त माहिती आणि नेहमीची सेवा. आठ वर्षांनी पाहिलं तर डीएनए तपासणीच्या गटात ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४. म्हणजे आयुष्यात एकदाच झालेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चौथ्या गटाला तपासणी न दिल्याबद्दल पुढे टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. त्या ६४ जणीही आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या होत्या.

व्हिनेगरची तपासणी मग वाया जाते का? नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. सरकारी आरोग्य केंद्रात बहुतेक वेळा हीच होते. मिळते आहे ती करून घ्या, डीएनए टेस्टची वाट बघत बसू नका. मात्र सिव्हिलला किंवा शिबिरात गेलात तर "एचपीव्हीची टेस्ट होते का?" हे जरूर विचारा. नमुना मऊ ब्रशने घेतात, दोन-पाच मिनिटांचं काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बाई तो स्वतःचा स्वतःही घेऊ शकते. संघटना तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी ही टेस्ट करायला सांगते, म्हणजे खुड्याच्या हंगामातला एखादा रोज बुडाला तरी चालेल.

एक गोष्ट घरी नक्की सांगा. टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. उस्मानाबादेत दहातल्या एकीला विषाणू सापडला होता, पण त्यातल्या फार थोड्यांना कॅन्सर होता. बहुतेकींचा विषाणू एक-दोन वर्षांत शरीरच घालवून देतं. पॉझिटिव्ह म्हणजे बाईचं किंवा नवऱ्याचं वागणं वाईट, असंही नाही. हा संबंधांतून पसरतो आणि इतका सर्रास आहे की बहुतेक माणसांना कधी ना कधी होतोच. कित्येक वर्षं गुपचूप राहतो, त्यामुळे कुणाकडून आला हे सांगता येत नाही. यावरून घरात भांडण काढायचं नाही.

आणि पॉझिटिव्ह आलं म्हणून कुणी लगेच "पिशवी काढून टाका" म्हणालं, तर थांबा. आधी दुर्बिणीने पाहणी होते, लागलं तर बारीक तुकडा तपासतात. पेशी नुसत्या बिघडलेल्या असतील तर तेवढाच भाग गोठवून किंवा जाळून टाकतात आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. ऑपरेशनचा सल्ला मिळालाच तर रिपोर्ट मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, आणि जाताना गटातली एक मैत्रीण सोबत न्या.