युरियाची गोणी आणि समुद्रातला वायू

युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून. 1974 साली मुंबई हायला तेल व वायू सापडला. त्याच वायूवर अलिबागजवळ थळचा खत कारखाना उभा राहिला. पुढे मागणी वाढली, आपला वायू पुरेना. आता देशाला लागणारा निम्म्याच्या आसपास वायू परदेशातून द्रवरूपात जहाजाने दहेज, दाभोळ अशा बंदरांत येतो व तिथून नळाने पुढे जातो. 2022 साली युक्रेन युद्धात वायू भडकला. गोणीचा भाव मात्र सरकारने अनुदानावर धरून ठेवला. म्हणून युरिया स्वस्त वाटतो अन् आपण तो मोकाट पाण्याबरोबर वाहू देतो. बीडच्या रानात आम्ही हेच पाहतो. सुरू उसाला लागणीवेळी 10 टक्के, सहा-आठ आठवड्यांनी 40, बारा-सोळा आठवड्यांनी 10 व मोठ्या बांधणीला 40 टक्के नत्र द्या, अन् खत मातीआड करा.