टेप घरात शिरली
पत्नीचं फोनवरचं बोलणं पतीने तिच्या नकळत टेप केलं, तरी घटस्फोटाच्या खटल्यात ते पुरावा म्हणून चालेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2025 रोजी सांगितलं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने 2021 मध्ये पत्नीच्या खासगीपणाची बाजू घेतली होती. तो निकाल रद्द झाला. कौटुंबिक न्यायालयात वकिली करणाऱ्या मला हे जिव्हारी लागलं.

तत्त्व तसं जुनंच. लाच मागणाऱ्या मुंबईच्या कॉरोनरचं फोनवरचं बोलणं टेप झालं होतं. त्या मलकानी खटल्यात, 1972 साली, पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो मुद्द्याशी संबंधित आहे का, हे महत्त्वाचं ठरलं. ते मला आजही पटतं. लाच काही कुणी पावती देऊन मागत नाही.

मग 2010 नंतरचं दशक आलं. स्वस्त स्मार्टफोन, त्यात कॉल रेकॉर्डर, आणि माझ्या टेबलावर मेमरी कार्डं. काही वकील अशिलाला समुपदेशनाला पाठवण्याआधीच सांगायचे, ‘तिला बोलतं करा, रेकॉर्डिंग आणा.’ या सल्ल्याने किती सावरण्याजोगे संसार मोडले! हुंड्यासाठी छळ सोसणाऱ्या कित्येक जणींकडे मात्र सासरच्यांच्या आवाजाखेरीज दुसरा पुरावाच नव्हता, हेही मी जवळून पाहिलंय. म्हणून सरसकट बंदी मी कधीच मागितली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी जुन्या साक्ष कायद्यातल्या 65-ब कलमाचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं, आणि जालन्याच्या खोतकर निवडणूक खटल्यात 2020 मध्ये ते पुन्हा बजावलं. आमची सारी भांडणं त्या कागदावरच खर्ची पडली. फाइल अस्सल आहे का, एवढंच आम्ही विचारत राहिलो. समोरच्या माणसाच्या संमतीचं कुणी काढलंच नाही. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, तेव्हा वाटलं होतं, आता तोही प्रश्न निघेल. नव्या साक्ष कायद्यातल्या कलम 63 ने प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, आणली. संमती तिथेही नाही.

रेकॉर्डिंग करणारा जपून बोलतो, डिवचतो, हवं तिथे बटण दाबतो. दुसरी व्यक्ती भाबडेपणाने संतापते. म्हणून न्यायाधीशांनी निवडक तुकडे घेऊ नयेत, मूळ फोन आणि सगळी संभाषणं मागवावीत, आणि ती आधी आपल्या दालनात ऐकावीत. एवढा नियम उच्च न्यायालयांना आजही करता येईल.