मराठी मुलखातील मेथडिस्ट उपासना-मंदिरे : कालनिर्णयाचा प्रश्न

तळेऱ्याहून एक वाट विजयदुर्गाकडे उतरते व दुसरी गगनबावड्यावरून कोल्हापुरास जाते. कोल्हापुरास रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी इ. स. १८५२ मध्ये आले. त्याहीपूर्वी, इ. स. १८२३ मध्ये, स्कॉटिश मिशनने बाणकोट व हर्णै येथे कार्य आरंभिले होते. तेव्हा या भागातील जुन्या संग्रहांत मिशनसंबंधी कागद आढळल्यास संग्राहकांनी ते परके म्हणून बाजूस सारू नयेत. मात्र त्यांवरून कालनिर्णय करताना एक विवेक अवश्य पाळावा, एवढेच येथे सांगणे आहे.

मिशन, मंडळी व मंदिर या तीन वस्तू भिन्न होत. मिशन म्हणजे उपदेशकांचे ठाणे. मंडळी म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्यांचा संघ. मंदिर म्हणजे केवळ इमारत. मुंबईस अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये उतरले, परंतु त्यांचे उपासना-मंदिर इ. स. १८२३ मध्ये उघडले. अहमदनगरास ठाणे इ. स. १८३१ च्या अखेरीस पडले आणि मंडळी १८३३ मध्ये स्थापन झाली. स्थापनेचे वर्ष विचारिले असता कोणत्या वस्तूची स्थापना, हे प्रथम ठरविले पाहिजे.

मेथडिस्ट पंथात हा भेद विशेष स्पष्ट दिसतो. जॉन वेस्ली यांनी इंग्लंडात ब्रिस्टल येथे १७३९ मध्ये सभागृह उभारिले. ते स्वतः मात्र १७९१ मध्ये मृत्यू पावेतो अँग्लिकन धर्मसंस्थेचेच पुरोहित राहिले. तेथे इमारत आधी व स्वतंत्र धर्मसंस्था नंतर. मुंबईत क्रम उलटा झाला. विल्यम टेलर नोव्हेंबर १८७१ मध्ये आले, आणि त्यांचे अनुयायी प्रथम परस्परांच्या घरीच उपासनेस जमत. इ. स. १८४८ पासून मुंबईत असलेले जॉर्ज बोवेन पुढे याच पंथास मिळाले व १८८८ मध्ये निवर्तले. अपोलो बंदरानजीकचे मेथडिस्ट मंदिर त्यांचे स्मारक म्हणून ओळखले जाते. अर्थात् ते नाव मंडळीच्या जन्मकाळाचे नव्हे.

साधनांचेही असेच. कोनशिला इमारतीचा आरंभ सांगते, मंडळीचा नव्हे. बाप्तिस्म्याची नोंदवही व सभावृत्ताची वही मंडळीचे अस्तित्व सिद्ध करितात. मिशनचा वार्षिक वृत्तांत ठाण्याची साक्ष देतो. शकाचे रूपांतर करितानाही सावध असावे : फेब्रुवारी १८१३ हा महिना चैत्राच्या पूर्वीचा असल्याने शके १७३४ मध्ये येतो, १७३५ मध्ये नव्हे.

नामांतरेही लक्षात ठेवावीत. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या इ. स. १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये व २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास स्थापन झालेल्या उत्तर भारत चर्चमध्ये समाविष्ट झाल्या. टेलर यांच्या परंपरेचे मेथडिस्ट मात्र त्या ऐक्यात आले नाहीत. त्यांचे ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ १९८१ मध्ये स्वायत्त झाले. ही गोष्ट विसरल्यास एकाचे दप्तर दुसऱ्याच्या नावावर चढते.

खेड्यांतून मंदिराची डागडुजी निघाली की प्रथम जुन्या वह्या अडगळीत जातात आणि कोनशिलेवर चुना चढतो. इमारत पुन्हा बांधिता येईल. नोंदवही एकदा वाळवीस पडली म्हणजे त्या मंडळीतील माणसांची नावेही गेली. म्हणून जेथे अशी वही दृष्टीस पडेल, तेथे तिची नक्कल तरी त्वरित करून ठेवावी, अशी आमची संग्राहकांस विनंती आहे.