‘इतकेच घ्या, बस होईल’ म्हणणारा वेटर

व्यापारी माणसाचे निम्मे जेवण घराबाहेर होते. माल घ्यायला मुंबई-सुरत, माल विकायला हैदराबाद-बंगळूर, वसुलीला आणखी कुठे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत किती हॉटेलांत जेवलो याची गणती नाही. काय खाल्ले ते बहुतेक विसरलो, पण वाढणारे काही जण मात्र डोळ्यांसमोर आहेत. त्यांच्याविषयी विचार करता एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतले बरेचसे असे होते की त्यांनी आम्हाला कमी विकले. गादीवर बसणाऱ्याला हे उलटे वाटेल. म्हणूनच ही बाब आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे मांडावीशी वाटली.

१९९० च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा आम्ही मालेगावहून मनमाडला यायचो आणि सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठायचो. दिवसभर मंगलदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केटमध्ये पेढ्यांच्या पायऱ्या झिजवायच्या आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. एकदा अब्बा, त्यांचे एक बुजुर्ग व्यापारी दोस्त आणि मी असे तिघे भेंडीबाजारातल्या एका साध्या हॉटेलात शिरलो. हॉटेलचे मालक पुढे बदलले, म्हणून नाव देत नाही. बुजुर्गांनी बसताक्षणी बिर्याणीसह चार-पाच पदार्थांची ऑर्डर दिली. वेटर पन्नाशीचा असेल. खांद्यावर फडके, बनियनवर उघडा सदरा. त्याने ऑर्डर घेतलीच नाही. आधी विचारले, “हाजीसाब, गाडी कितने की है?” वेळ सांगितली. तेव्हा म्हणाला, “बिर्यानी का देग अभी दम पे है, आधा घंटा लगेगा. आप की गाडी छूटेगी. खिमा तैयार है, रोटी तंदूर से उतरती जायेगी. और तीन आदमी में दो प्लेट बस है. कम पडा तो और ला देंगे.”

एवढ्यावर तो थांबला नाही. आमच्यासोबत नमुन्याचे दोन तागे होते, बाकावर ठेवलेले. त्याने ते उचलले, गल्ल्याजवळची एक कोरडी जागा फडक्याने पुसली, वर्तमानपत्र अंथरले आणि तागे त्यावर ठेवले. “इधर रस्सा गिरेगा तो नुकसान हो जायेगा.” कापडवाल्याला कशाची धास्ती असते हे त्याला कापडाचा धंदा न करता कळले होते. शेवटची रोटी आली तेव्हा हिशेबही सोबत आला. आमच्या कपाळावरची घाई त्याने वाचली होती.

या सगळ्यात मला महत्त्वाचा वाटतो तो गल्ल्यावर बसलेला मालक. वेटरचे बोलणे त्याला ऐकू जात होते. दोन-तीन प्लेटचे पैसे आपल्या गल्ल्यात येता येता राहिले हे त्याला दिसत होते. त्याने मान वर करून पाहिले आणि पुन्हा नोटा मोजू लागला. पुढची पंधरा वर्षे तरी आमची मंडळी मुंबईत दुसरीकडे जेवली नाहीत. स्वतः तर गेलोच, मालेगावहून जाणाऱ्या प्रत्येकाला तोच पत्ता दिला.

जुन्या इराणी हॉटेलांत हा भरवसा वेगळ्या तऱ्हेने दिसायचा. आता ही हॉटेले मोजकीच उरली आहेत. धोबीतलावची कयानी अँड कंपनी १९०४ सालची, ती आजही चालू आहे. या हॉटेलांची जुनी रीत अशी की वेटर केक-बिस्किटांची भरलेली बशी न मागता टेबलावर ठेवून जाई. जेवढे खाल्ले तेवढ्याचेच पैसे. उठताना तो रिकाम्या जागा मोजी आणि रक्कम गल्ल्याकडे ओरडून सांगे. चहा पिऊन तासभर पेपर वाचत बसलेल्याला कुणी उठवत नसे. बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया हे १९२३ चे. तिथले बोमन कोहिनूर २०१९ साली ९७ व्या वर्षी वारले. मालक असून उतारवयापर्यंत ते स्वतः टेबलाटेबलापाशी जाऊन ऑर्डर घेत. त्यांच्या बेरी पुलावात इराणहून येणारी आंबटसर बेरी असते. ती कीर्ती ऐकून परदेशी पाहुणेही येत आणि त्यांच्याशीही ते तितक्याच निवांतपणे बोलत. ज्या वयात आपल्याकडचे मालक गादीवरून हुकूम सोडतात, त्या वयात हा माणूस हातात कागद-पेन्सिल घेऊन उभा असे.

बंगळूरला आमचे साडीचे दोन व्यापारी होते. त्यांतील एकाने मला लालबागजवळच्या मावळ्ळी टिफिन रूम्समध्ये नेले. सारे तिला एम.टी.आर. म्हणतात. स्थापना १९२४. तिथे गर्दी इतकी की नाव लिहवून ताटकळावे लागते. खुर्ची मिळेपर्यंत मी मनातून चिडलो होतो हे सांगितले पाहिजे. पण नंबर लागल्यावर कुणीही ‘लवकर आटपा’ असे डोळ्यांनीसुद्धा सुचवले नाही. या घराण्यातील यज्ञनारायण मैया १९५१ मध्ये युरोपात हॉटेले पाहायला गेले होते. तिथली स्वच्छता पाहून परतल्यावर त्यांनी भांडी वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत आणली आणि भटारखाना गिऱ्हाइकांच्या नजरेस खुला केला. जेवण कसे बनते ते या, पाहा. आपल्यापैकी किती जण गिऱ्हाइकाला आपले गोदाम असे दाखवू शकतील? पुढे आणीबाणीत सरकारने हॉटेलांचे दर खाली बांधून दिले. त्या दरात आपल्या दर्जाचे देता येत नाही, म्हणून या लोकांनी हॉटेल बंद केले. दर्जा उतरवून ते चालवत राहिले नाहीत. त्याच काळात त्यांचा इडली-रव्याच्या तयार पिठांचा धंदा वाढला आणि हॉटेल १९८४ साली पुन्हा उघडले.

सुरतेचा एक अनुभव थोडक्यात सांगतो. रमजान होता. रिंग रोडवरील बाजारातून निघायला उशीर झाला, बस पकडायची होती, म्हणून मगरिबच्या दहा मिनिटे आधीच एका गुजराती थाळीच्या लॉजमध्ये जाऊन बसलो. वाढणाऱ्या पोराने ताट मांडले, गरम फुलका ठेवला, मी हात लावेना. त्याने एकवार पाहिले आणि हळूच विचारले, “रोजा है?” मी मान हलवली. त्याने फुलका परत नेला आणि भरलेला पाण्याचा पेला तेवढा माझ्यापुढे ठेवला. वेळ झाली तसा ताजा फुलका आणला. शेजारच्या टेबलावर कुणाला काही कळले नाही. पोरगा राजस्थानकडचा होता, नुकताच लागलेला. हे त्याला कुणी शिकवले नसणार.

शिकवता येते की नाही, हा प्रश्नच आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्ला झाला तेव्हा तिथल्या पुष्कळ नोकरांना मागचे दरवाजे माहीत होते. त्यांना पळता आले असते. ते पाहुण्यांना वाचवत थांबले आणि मृतांत हॉटेलचे कर्मचारीही होते. पुढे अमेरिकेतील हार्वर्डच्या मंडळींनी या वागण्याचा अभ्यास केला. त्यावरचा लेख २०११ मध्ये त्यांच्या नियतकालिकात आला. त्यात लिहिले आहे की ताजवाले मोठ्या शहरांऐवजी लहान गावांतली मुले जास्त घेतात, गुणांपेक्षा स्वभाव पाहतात, इतरत्र बारा महिने प्रशिक्षण असते तिथे अठरा महिने देतात, आणि पाहुण्याच्या भल्यासाठी वरिष्ठांना न विचारता निर्णय घेण्याची मुभा ठेवतात. हे वाचले तेव्हा मला भेंडीबाजारातला तो मालक आठवला. त्याने कोणता अभ्यास केला होता? पण मुभा त्याने दिलीच होती.

याच्या उलटे अनुभवही रोज येतात. नाशिक रस्त्यावरील एका चकचकीत हॉटेलात बसलो की पहिला प्रश्न ‘बाटलीचे पाणी?’ असा येतो. साधे पाणी मागितले तर वेटरचा चेहरा उतरतो. मग कार्डावरील सर्वांत महाग पदार्थ ‘आजचा खास’ म्हणून सांगितला जातो. दोष त्या पोराचा नाही. त्याला टेबलामागे किती रुपये काढायचे ते ठरवून दिलेले असते. वागणूक अदबीची, कपडे इस्त्रीचे, ‘सर’ शिवाय वाक्य नाही. पण तो आपल्या बाजूने उभा नाही हे दोन मिनिटांत समजते.

आता आपल्या धंद्याकडे येतो. कापडाच्या दुकानांत सेल्समनला विक्रीवर कमिशन देण्याची चाल पडली आहे. त्यातही पडून राहिलेल्या मालावर जास्त. म्हणजे जो रंग कुणाला नको तो गळ्यात मारला की सेल्समनचे भले. अशा दुकानात ‘बाजी, अडीच मीटरमध्ये होईल, तीन घेऊ नका’ असे कोण म्हणेल? आमच्या ओळीतला एक दर्जी असे म्हणतो. कापड मापून ‘एवढे जास्त आहे, परत करून या’ म्हणून गिऱ्हाइकाला आमच्याकडे उलट पाठवतो. आमच्या मुलांना त्याचा राग येतो. त्याच्या दुकानापुढे मात्र ईदच्या महिनाभर आधीच पाटी लागते, ऑर्डर बंद.

माझ्या दुकानात मी कमिशन ठेवलेले नाही. आता मोठा मुलगा ते सुरू करा म्हणतो. गेल्या वर्षी पाच सेल्समनपैकी दोघे समोरच्या दुकानात गेले, कारण तिथे कमिशन मिळते. मी त्याला भेंडीबाजारचा किस्सा सांगितला. तो म्हणाला, “अब्बा, त्या वेटरला टीप मिळत होती. आपल्या माणसांना काय मिळते?” प्रश्न रास्त आहे. गिऱ्हाइकाच्या बाजूने उभे राहणाऱ्याचे पोट भरलेले असले पाहिजे. नाहीतर ही सारी बात मालकाच्या फायद्याची ठरते.

इंडियन कॉफी हाउसवाल्यांनी याचे एक उत्तर शोधले होते. १९५७ च्या सुमारास कॉफी बोर्ड आपली कॉफी हाउसे बंद करू लागले, नोकरांना घरी बसण्याची वेळ आली. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या साथीने नोकरांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. तुरेवाला फेटा बांधलेला जो माणूस तिथे कॉफी आणून देतो तो संस्थेचा सभासद असतो. एका कपावर दोन तास बसलात तरी त्याची भुवई चढत नाही. आपल्या दुकानाला हे जसेच्या तसे लागू होणार नाही. पण विक्रीच्या प्रत्येक पावतीवर कमिशन देण्याऐवजी दुकानाच्या साऱ्या वर्षाच्या नफ्यातला ठरलेला हिस्सा सर्वांत वाटावा, माल उतरवणाऱ्या हमालापर्यंत, असा माझा विचार चालू आहे. हिस्सा किती, यावर घरात अजून एकमत नाही. मुलगा म्हणतो वर्षअखेरपर्यंत कोण थांबणार, महिन्याला द्या.

टीपेविषयी आणखी एक बाब, कारण पुष्कळांना ती ठाऊक नसते. बऱ्याच हॉटेलांत बिलातच ‘सेवा शुल्क’ जोडलेले येते. ते सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सूचना काढल्या की हे शुल्क आपोआप लावता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. तेव्हा द्यायचे नसेल तर काढायला सांगावे. वेटरच्या हातावर वेगळे काही ठेवायचे असल्यास आधी त्यालाच विचारावे की टीप कुठे जाते. भायखळ्याच्या एका हॉटेलात मी विचारले तेव्हा वेटरने गल्ल्याशेजारचा पत्र्याचा डबा दाखवला. दर शनिवारी तो उघडतात आणि आत भांडी घासणाऱ्या दोन पोरांनाही वेटरइतकाच वाटा देतात.