नोंदीतल्या चित्राची चाचणी

मराठी विश्वकोशाच्या छापील खंडात नोंद वाचताना मध्येच कंसात ‘चित्रपत्र’ असा शब्द येतो. चित्र त्या जागी नसते. ते आर्ट पेपरवर वेगळे छापून खंडात अन्यत्र बांधलेले असते. मजकुरात त्याचा फक्त पत्ता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली १९७६ साली वाईच्या या कोशाचा पहिला खंड निघाला, तेव्हा ही विभागणी कागद आणि शाईच्या गरजेतून आलेली होती. आता कोश, पाठ्यपुस्तके आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका ज्या संगणकीय पद्धतीने लिहिल्या जातात, तिचा पायाच ही विभागणी आहे.

नेहमीच्या लेखनात फोटो पानावर चिकटवला की तो त्या फाइलचाच भाग होतो. संरचित लेखनात तसे नसते. शीर्षक, परिच्छेद, तक्ता, तळटीप अशा प्रत्येक घटकाला त्याच्या कामानुसार खूण केलेली असते, दिसण्यानुसार नव्हे. १९९१ मध्ये सुरू झालेले डॉकबुक आणि त्यानंतरचे डिटा हे अशा खुणांचे प्रचलित संच. चित्राच्या जागी फाइलचे नाव, चित्राखालची ओळ आणि ज्याला चित्र दिसत नाही त्याच्यासाठी शब्दांतले वर्णन, एवढेच लिहिलेले असते. या एका मुळातून छापील पान, संकेतस्थळ आणि ई-पुस्तक तयार होते. त्यामुळे लिहिणाऱ्याच्या पडद्यावर चित्र दिसले, यावरून फारसे काही सिद्ध होत नाही.

या मुळातून पाने तयार करणाऱ्या प्रणालीच्या चाचणीसाठी नमुना-नोंद लागते आणि ती मुद्दाम अडचणीची असावी लागते. सातारा-सांगलीपुरती ती करायची तर कासच्या फुलांचा फोटो, कोयना धरणाच्या भिंतीचा छेद, कऱ्हाडच्या कृष्णा-कोयना प्रीतिसंगमाचा नकाशा आणि आयर्विन पुलाचे जुने कृष्णधवल छायाचित्र एवढ्यावर भागते. फुलांचा फोटो जेपेगमध्ये चालतो. त्यात बारीक तपशील गाळून फाइल लहान केलेली असते आणि फुलांच्या गर्दीत ते कळत नाही. तेच जेपेग नकाशाला वापरले की अक्षरांच्या कडांना धुरकट डाग पडतात. तिथे पीएनजी हवे. धरणाचा छेद एसव्हीजीमध्ये ठेवावा, कारण त्यात ठिपक्यांऐवजी रेषांचे गणित साठवलेले असते आणि चित्र कितीही मोठे केले तरी फुटत नाही.

एसव्हीजी अडते ते रेषांवर नव्हे, अक्षरांवर. छेदावरचे ‘भिंत’, ‘सांडवा’ हे शब्द फाइलमध्ये अक्षरे म्हणूनच असतात. ज्या संगणकावर देवनागरी फॉन्ट नाही तिथे त्यांच्या जागी रिकामे चौकोन येतात. फॉन्ट असून पान जुळवणाऱ्या प्रणालीला देवनागरीची जुळणी येत नसेल, तर ‘भिंत’ची ऱ्हस्व वेलांटी ‘भ’च्या आधी न बसता नंतर जाऊन बसते. इंग्रजी नावांच्या आकृत्यांवर चाचणी उरकणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही.

त्याहून चिवट अडचण ‘कऱ्हाड’ या नावाची. प्रीतिसंगमाच्या नकाशाच्या फाइलला ते नाव दिले, तर त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका सांकेतिक अंकाने लिहिता येतो, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असा दोन अंकांनी. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावे ठरू शकतात. जुन्या मॅकची फाइल-व्यवस्था नाव साठवताना अशी अक्षरे आपणहून सुटी करीत असे. तिथे जपलेली फाइल दुसऱ्या संगणकावर गेली, की मजकुरातला पत्ता आणि फाइलचे नाव जुळत नाही आणि डोळ्यांनी कितीही तपासले तरी चूक सापडत नाही. ‘कर्नाळ’ किंवा ‘मिरज’ वापरून ही परीक्षा होत नाही. नाव कऱ्हाडच हवे.

छपाईचा हिशेब वेगळा. चांगल्या छपाईला इंचाला साधारण ३०० ठिपके धरतात, म्हणजे सहा इंच रुंद चित्राला १,८०० ठिपके लागतात. संकेतस्थळासाठी केलेले ६०० ठिपक्यांचे चित्र त्याच रुंदीत छापले की इंचाला १०० उरतात आणि पूल धूसर होतो. कृष्णधवल छायाचित्र रंगीत म्हणून साठवलेले असेल तर ते चार शायांत छापले जाऊन त्याला हिरवट किंवा तांबूस झाक येते. किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले त्या ब्लॉकच्या जमान्यात खडबडीत कागदाला ठिपक्यांची जाड जाळी आणि गुळगुळीत कागदाला बारीक जाळी, हे कामगाराला पाठ असे. आज तो निर्णय प्रणालीवर सोपवलेला असतो, म्हणून तिचेही प्रूफ काढावे लागते. डॉकबुकमध्ये एका चित्राच्या दोन आवृत्त्या, एक छपाईची आणि एक पडद्याची, शेजारी नोंदवता येतात. योग्य वेळी योग्य आवृत्ती उचलली जाते का, हे दोन्ही पाने काढूनच कळते.

शेवटी एखादी चित्रफाइल मुद्दाम काढून घेतात. चांगली प्रणाली फाइलचे नाव आणि ओळ सांगून अडते. वाईट प्रणाली काही न बोलता मोकळी जागा सोडून पुस्तक पूर्ण करते, आणि चूक पुस्तक छापून आल्यावर लक्षात येते. संपूर्ण नमुना एकदा बिनचूक उतरला, की ती पाने जपून ठेवतात आणि प्रणालीची नवी आवृत्ती आली की ताजी पाने त्यांच्याशी ताडून पाहतात.